मातीतले शब्द

दिवाळीतला किल्ला आपणही केला असेल. विटा-दगडांच्या राशीवर चिखलात भिजवलेले गोणपाट पसरायचे, वर हळीव पेरायचे. काही दिवसांत डोंगर हिरवा होई. आमचा राजगड उभा राहताना वडील विचारत, “बालेकिल्ला कुठला? माच्या कुठल्या?” पद्मावती, सुवेळा, संजीवनी ही नावे मी पुस्तकाआधी बोटांनी शिकलो. वडील गेल्यावर किल्ला थांबला. गेल्या वर्षी मी प्लास्टरचा तयार किल्ला आणला. नातीने विचारले, “यात माची कुठे आहे?” भाषाशास्त्राचा मी प्राध्यापक, व्याख्या सांगितली, पण तिला ती कळली नाही. यंदा आम्ही दोघांनी माती कालवली. आपणही आपल्या किल्ल्याचे शब्द आठवून वहीत टिपून ठेवा.