लाडवांचा डबा आणि माझ्या साड्या

मैत्रिणींनो, विमानाचं तिकीट स्वस्तात मिळालं म्हणून हुरळून जाऊ नका हं! मी गेले होते. नागपूरहून गोव्याला, सासूबाईंना घेऊन. त्यांचा पहिलाच विमानप्रवास.

दोघींना मिळून सामानाची मुभा 30 किलोंची. काटा दाखवी 34! जादा किलोंचे पैसे ऐकले मात्र, मी सगळ्यांदेखत सासूबाईंवर घसरले, "एवढे लाडू कशाला घेतलेत?"

त्या गप्प. तिथंच बॅग उघडली. लाडवांचा डबा जेमतेम दीड किलोचा. बाकी साऱ्या माझ्याच साड्या नि चपला! मुकाट्यानं पैसे भरले.

तेव्हा बायांनो, सामान घरीच तोलून घ्या. माणशी 15 किलो, हातातलं 7. शेजारची जागा हवी असेल तर तिचेही पैसे वेगळे पडू शकतात. पाण्याची बाटली रिकामी न्यावी, तपासणी झाल्यावर भरावी. काउंटर तासभर आधी बंद होतं, हे विसरू नका.

विमानात चहासुद्धा विकतचा. सासूबाईंनी डबा उघडला नि पहिला लाडू माझ्याच हातावर ठेवला. तो गिळताना घसा दाटून आला, खरंच सांगते.