ट्रॅक्टर कुणाचा, हप्ता कुणाचा

मंचरच्या बसस्टँडवर किंवा घोडेगावच्या चहाच्या टपरीवर ट्रॅक्टरचा विषय निघाला की पहिला प्रश्न कंपनीचा असतो. लाल बरा, निळा बरा की हिरवा? प्रत्येकाचा एखादा मेहुणा असतो, ज्याचा ट्रॅक्टर पंधरा वर्षं इंजिन न उघडता चालला. या गप्पा मलाही आवडतात. पण गेल्या दिवाळीत आमच्याच घरात ट्रॅक्टर घ्यायची गोष्ट निघाली, तेव्हा कंपनीचा प्रश्न सर्वांत शेवटी आला. त्याआधी जमीन, तास आणि व्याज असे तीन प्रश्न पार करावे लागले. आपल्या अनेक घरांत हीच चर्चा चालू असते, म्हणून ते इथे मांडतो.

आधी जमीन. आंबेगाव तालुका नकाशावर एक दिसतो, शेतीच्या दृष्टीनं तो दोन आहे. भीमाशंकरच्या माथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मंचरच्या पूर्वेला सहा-सातशेवर समाधान मानावं लागतं. वर भाताची खाचरं, उतारावर नाचणी-वरई आणि जंगलातला हिरडा. खाली डिंभे धरणाच्या कालव्यावर कांदा, बटाटा, ऊस. शेजारच्या जुन्नरचंही तेच. नाणेघाटाकडं भात आणि नारायणगावला टोमॅटोचा बाजार. खालच्या ऊसवाल्याला दोन ट्रॉल्या ओढणारा जड ट्रॅक्टर लागतो. तोच ट्रॅक्टर वरच्या खाचरात उतरवला तर वळायलाच जागा पुरत नाही आणि बांध ढासळतो.

आमची पाच एकर जमीन शिनोलीच्या अंगाला, म्हणजे बरोबर मधे. दोन एकर भात, तीन एकर कांदा आणि चारा. बैल विकून सहा वर्षं झाली. शेती धाकटा भाऊ बघतो, मी पुण्यात नोकरी करतो आणि हिशोबाची वही माझ्याकडं असते. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आणि भावानं विषय काढला, "भाई, आता नाही तर कधी?"

मधल्या जमिनीला मधला ट्रॅक्टर, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत झालं. वीस-बावीस एचपीचा मिनी ट्रॅक्टर खाचरात सुरेख चालतो, पण कांद्याच्या रानात खोल नांगरट करताना दम टाकतो. पन्नासच्या वरचा आम्हाला पेलणारा नाही. त्यात 1 जानेवारी 2023 पासून पन्नास एचपीच्या वरच्या इंजिनांना प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले, त्यामुळं ते महागलेही. उरला चाळीस ते पंचेचाळीसचा गट. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. बोनेटवरचा आकडा इंजिनचा असतो. रोटाव्हेटर फिरतो पीटीओवर आणि तिथपर्यंत ताकद थोडी कमी होऊन पोचते. बेचाळीसच्या इंजिनला पीटीओवर छत्तीस-सदतीस मिळाले तरी खूप. त्याला पाच फुटी रोटाव्हेटर बरोबर बसतो. शोरूमवाला सहा फुटी गळ्यात मारायला बघतो, तो आमच्या रानात इंजिन गुदमरवतो. वजनाचंही तसंच. एकोणीसशे किलोचं धूड चिखलात उतरवायचं तर चिखलणीसाठी लोखंडी केज व्हील लागतात आणि बांधावरून आत जायला धड वाट लागते.

दुसरा प्रश्न तासांचा. अब्बांनी एवढंच सांगितलं, "कंपनी नंतर बघा, आधी तास मोजा." मोजले. नांगरट, रोटाव्हेटर, चिखलणी, सरी आणि वाहतूक धरून आमच्या पाच एकरांना वर्षाला सत्तर तास पुरतात. तासाला हजार रुपये भाडं धरलं तर सत्तर हजार. नवा ट्रॅक्टर सात लाखांच्या आसपास. त्यात दोन लाख आमचे आणि पाच लाख कर्ज, दहा टक्के व्याज, पाच वर्षं, सहामाही हप्ता असं धरलं, तर हप्ता पासष्ट हजारांच्या घरात जातो. वर्षाला एक लाख तीस हजार. पाच वर्षांत व्याजच जवळजवळ दीड लाख.

आता कमाईची बाजू. हजारातून डिझेलचे चारशे आणि चालक-देखभालीचे दोनशे वजा केले की तासाला चारशे उरतात. स्वतःच्या सत्तर तासांत अठ्ठावीस हजार वाचले. उरलेल्या एक लाख दोन हजारांसाठी दुसऱ्यांच्या रानात 255 तास जायला हवं. म्हणजे ट्रॅक्टर घ्यायचा तर भावाला ट्रॅक्टरचा धंदाही करावा लागणार. रोटाव्हेटर आणि ट्रॉलीची किंमत यात धरलेलीच नाही.

वहीनुसार भाड्याचा ट्रॅक्टर स्वस्त होता. मी तसं म्हणालो, तेव्हा भाऊ शांतपणे म्हणाला, "वहीत पाऊस लिहिलाय का?" त्याचं म्हणणं खरं होतं. चिखलणीला पाणी साचलेले चार-पाच दिवस मिळतात. त्या दिवसांत भाड्याचा ट्रॅक्टर आधी मोठ्या शेतकऱ्याकडं जातो. दोन एकरवाल्याचा नंबर येतो तोवर खाचरातलं पाणी उतरलेलं असतं आणि रोपं वाढून जातात. लावणी दहा दिवस लांबली की भात घटतो. ही घट माझ्या वहीत कुठंच नव्हती.

तिसरा प्रश्न व्याजाचा, आणि तिथे आम्ही सगळे अडखळलो. अब्बांनी आयुष्यात व्याजानं पैसा उचलला नाही. विहिरीसाठी अम्मीच्या बांगड्या विकल्या, पण बँकेची पायरी चढले नाहीत. भावानं उलट विचारलं की बाकी सगळे कर्ज काढून पुढं जातात, मग आपण भाड्यासाठी दुसऱ्याच्या दारात किती वर्षं उभं राहायचं? दोघंही बरोबर आहेत असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. गरज किती मोठी असली म्हणजे सवलत मिळते, यावर आलिम मंडळींची मतं वेगवेगळी आहेत. तो निवाडा करायला मी बसलेलो नाही. देशात व्याजमुक्त बँकिंगची खिडकी उघडायचा प्रस्ताव होता, तो रिझर्व्ह बँकेनं 2017 मध्ये बाजूला ठेवला. तेव्हा घरातच वाट शोधायची होती. अब्बा म्हणाले, "मी त्याला अडवणार नाही. पण हप्ता चुकला की रात्रीची झोप त्याची जाईल, माझी नाही. हे त्याला सांगा."

वाट दाखवली ती बांधाला बांध असलेल्या तात्यांनी. ते महादेव कोळी समाजाचे, आमचं दोन पिढ्यांचं येणंजाणं. त्यांनी हलाल-हरामचा शब्द काढला नाही, पण थकबाकीची नोटीस घरात आली की काय होतं ते त्यांनी पाहिलेलं आहे. ते म्हणाले, "तिघं मिळून जुना घेऊ. रोखीनं." तिघं म्हणजे आम्ही, तात्या आणि माझा चुलतभाऊ. प्रत्येकी एक लाख चाळीस हजार. नव्या ट्रॅक्टरला अल्पभूधारकाला महाडीबीटीवरून सव्वा लाखापर्यंत अनुदान मिळू शकतं, तेवढ्यावर पाणी सोडावं लागलं. त्यासाठी आधी मंजुरी, मग खरेदी आणि त्यानंतर खात्यात पैसे, असा क्रम आहे. मधल्या काळातला पैसा आमच्याकडं नव्हता.

जुना ट्रॅक्टर बघताना मिस्त्रीला सोबत न्या. इंजिन थंड असताना चालू करायला सांगा. गरम करून ठेवलेलं इंजिन बरेच दोष लपवतं. निळा धूर दिसला तर तेल जळतंय. मागं नांगर उचलून इंजिन बंद करा आणि थोडा वेळ बघत बसा. नांगर लगेच खाली आला तर हायड्रॉलिक दमलंय. तासांचं मीटर आणि क्लच-ब्रेकच्या पेडलची झीज जुळते का ते पाहा. मीटर हजार तास सांगतं आणि पेडलचं रबर गुळगुळीत असेल तर पेडलवर विश्वास ठेवा. चेसिस नंबर कागदाशी ताडा. आधीच्या मालकाचं कर्ज फिटलं असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म 35 हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

आम्हाला बेचाळीस एचपीचा, चार वर्षांचा, पॉवर स्टिअरिंगचा ट्रॅक्टर मिळाला. कंपनी कुठली? जिचे सुटे भाग मंचरला मिळतात आणि जिचा मिस्त्री पावसात दुचाकीवर शेतात येतो, ती.

भागीदारीत भांडणं होतात, हे सगळ्यांनी आम्हाला ऐकवलं. म्हणून पाचशेच्या स्टँपपेपरवर सगळं लिहिलं. कुरआनातली सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, हे अब्बांनी सांगितलं तेव्हा तात्या म्हणाले, "मग तर लिहूच." आरसी एकाच्याच नावावर आहे, भावाच्या. अपघात झाला तर कायदा त्यालाच धरणार, म्हणून विमा तिघांच्या पैशातून. ट्रॅक्टर ज्याच्या रानात, डिझेल त्याचं. प्रत्येक तासामागं शंभर रुपये दुरुस्तीच्या डब्यात. मडगार्डवर कुणाला बसवायचं नाही, पोरांना तर नाहीच. आणि उताराच्या वरकस जमिनीवर सपाटीकरणाला ट्रॅक्टर न्यायचा नाही. ही शेवटची अट तात्यांची. 30 जुलै 2014 ला माळीणवर डोंगर आला आणि दीडशेच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर उतारावर यंत्रानं पडकई करण्यावर बराच वाद झाला. कारण काहीही ठरलेलं असो, तात्यांना ती जोखीम नको आहे. त्यावर कुणी वाद घातला नाही.

चिखलणीच्या क्रमावर मात्र तासभर बोलणं चाललं. तिघांच्या खाचरांत पाणी एकाच वेळी साचणार. शेवटी ठरलं की ज्याच्या खाचरातलं पाणी सर्वांत आधी उतरतं त्याचा पहिला नंबर. ते खाचर तात्यांचं आहे, मग चुलतभावाचं. आरसी आमच्या नावावर, पण येत्या पावसात आमचा नंबर तिसरा. भावानं त्यावर सही केली. एवढं जमलं तर ट्रॅक्टर फळला म्हणायचा, इन्शाअल्लाह.