कुंई आणि कट्

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. अकोल्याला मावसबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. पहाटे निघालो की अमरावती-अकोला हे शंभरेक किलोमीटर ऊन तापायच्या आत पार पडतील, असा बेत होता.

आमची गाडी तेरा वर्षांची. कोपऱ्यावर स्टिअरिंग वळवलं की 'कुंईऽऽ' असा सूर निघायचा. गल्लीतल्या खड्ड्यात चाक गेलं की 'कट्' वाजायचं. मी म्हणायचो, "म्हातारी झाली बिचारी, कुरकुरणारच!" आणि रेडिओ मोठा करायचो.

आदल्या दिवशी आठवीतल्या मीनूनं विचारलं, "बाबा, सरळ जाताना ती कुंई करत नाही. वळतानाच का करते?"

मला उत्तर येईना. संध्याकाळी गाडी ओळखीच्या मिस्त्रींकडं नेली. ते हसले. "सायेब, गाडी कवापासून सांगून राह्यली, तुमीच आयकून नाई राह्यले."

त्यांनी पाना उचललाच नाही. मीनूला स्टिअरिंगवर बसवलं. मी शेजारी. आधी इंजिन सुरू ठेवून स्टिअरिंग डावी-उजवीकडं फिरवायला लावलं. कुंई आणि कट्, दोन्ही आवाज आले. मग इंजिन बंद करून स्टिअरिंग थोडं थोडं हलवायला सांगितलं. कुंई थांबली, कट् मात्र तसंच!

"म्हंजे दुखणी दोन हायेत," मिस्त्री म्हणाले.

आमच्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग तेलावर चालतं. इंजिनच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो आणि तेलाच्या दाबानं चाकं वळवायला मदत करतो. तेल कमी झालं की पंप हवा ओढतो आणि रडू लागतो. डबा उघडला तर तेल तळाला, वर नुसता फेस. नळीच्या जोडातून ते ठिबकत होतं. नुसतं तेल ओतून भागणार नव्हतं, नळीच बदलावी लागली. (विजेच्या मोटरवर चालणाऱ्या स्टिअरिंगमध्ये हे तेल नसतं.)

आता कट्. चाक वळवणाऱ्या दांडीच्या टोकाला, टाय रॉड एंडला, आपल्या खांद्यासारखा उखळीचा सांधा असतो. मिस्त्रींनी त्यावर हात ठेवला. मीनूनं स्टिअरिंग हलवलं की त्यांच्या हाताला हिसका बसे. सांध्यावरचं रबर फाटलं होतं. ग्रीस गेलं, धूळ शिरली आणि आतली गोळी झिजून सैल झाली होती.

"हे निसटलं असतं, त चाकानं तुमचं आयकलं नसतं."

माझ्या अंगावर काटा आला. याच अमरावती-अकोला रस्त्यावर जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटरचा डांबरी थर सलग टाकून गिनीज विक्रम झाला होता. अशा गुळगुळीत रस्त्यावर कट् ऐकूच आलं नसतं. उलट मी वेग वाढवला असता. मागच्या सीटवर आई आणि दोन पोरं!

सुटा भाग सकाळी दुकान उघडल्यावर मिळाला. तो बसवून चाकांचं अलाइनमेंट करून निघायला दुपार झाली. अक्षता चुकल्या, पण पंगत मिळाली.

मुलांनो, गाडीखाली हात घालायचं काम मिस्त्रींचंच. पण कान तुमचेही आहेत. आवाज वळताना येतो की खड्ड्यात? इंजिन बंद केल्यावर थांबतो का? एवढं टिपून मोठ्यांना सांगा. त्यांनी "चालतंय" म्हटलं, तर पुन्हा सांगा.

आता गाडीत बसलो की मीनू आधी रेडिओ बंद करते. पहिला कोपरा वळेपर्यंत कुणी बोलायचं नाही, असा तिचा नियम आहे. मीही तो पाळतो.