अज्ञात वाहन

विम्याच्या दावापत्रकात एक रकाना असतो : अपघात कसा घडला, ते थोडक्यात लिहा. खाली चार ओळींची जागा. गेली सव्वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. निवेदक, निवेदनाचा दृष्टिकोन, विश्वासार्ह आणि अविश्वासार्ह निवेदक ह्या विषयांवर फळ्यासमोर तासन्‌तास बोललो आहे. पण त्या चार ओळी लिहायला मला तीन दिवस लागले, आणि जे लिहिले ते खरे नव्हते. खोटेही नव्हते, असे मी बराच काळ स्वतःला समजावत होतो.

घटना एवढीच. नोव्हेंबर २०२१. तुमसरहून भंडाऱ्याला परतत होतो. मोहाडी मागे टाकली, अंधार पडू लागला होता. धानाचे दिवस. ह्या दिवसांत आमच्या जिल्ह्यात रस्त्यावर माणसांपेक्षा धान अधिक असते. आधारभूत खरेदी केंद्राकडे निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, त्यांवर उतरंडीसारखे रचलेले कट्टे. समोरून शेळ्यांचा कळप रस्ता ओलांडू लागला म्हणून मी गाडी थांबवली. शेळ्या निवांत होत्या, मीही निवांत होतो. मागचा ट्रॅक्टर मात्र थांबू शकला नाही. ट्रॉलीच्या वजनाने त्याला पुढे रेटले असावे. मोठा आवाज झाला, गाडी दोन हात सरकली. कोणाला खरचटलेदेखील नाही. मागचा बंपर फुटला, डिकीचे दार आत गेले, एका दिव्याचा चुरा झाला. शेळ्या तेवढ्यात पलीकडे पोचल्या होत्या.

ट्रॅक्टरवरून पन्नाशीचा एक माणूस उतरला. मी काही बोलायच्या आतच त्याने हात जोडले. ‘चूक माहीच आहे जी, सर. पन रिपोट नका करू.’ तो ट्रॅक्टरचा मालक नव्हता, सालदार होता. ट्रॉलीतले धानही मालकाचे नव्हते. शेजारच्या गावातल्या तिघा-चौघांचे धान भाड्याने केंद्रावर नेणे चालले होते. पोलिसांत गेलो असतो तर ट्रॅक्टर ठाण्यात लागला असता, ऐन हंगामात धान अडकले असते, आणि मालकाने सगळा खर्च ह्याच्या सालातून कापला असता. हे सारे त्याने दोन मिनिटांत, काहीही न लपवता सांगितले. मी म्हणालो, ‘बघू या, भाऊ.’ ट्रॅक्टरचा क्रमांक तेवढा वहीत लिहून घेतला. त्याने तो स्वतः वाचून सांगितला, कारण पाटी मळलेली होती.

‘चूक माहीच आहे.’ इतके सरळ वाक्य मी अलीकडे साहित्यातही वाचलेले नाही. पण ह्या वाक्याला विम्याच्या जगात काय किंमत आहे, ते मला घरी येऊन पॉलिसी वाचताना कळले. (पॉलिसी वाचणारा मी आमच्या कॉलनीतला बहुधा पहिलाच.) मोटार विम्याच्या पॉलिसीतल्या अटींची भाषा २००२ च्या अखिल भारतीय दरपत्रकाने ठरवून दिली. २००७ पासून कंपन्यांना दर ठरवण्याची मोकळीक मिळाली, परंतु मजकूर पुष्कळसा तोच राहिला. त्यात एक अट अशी आहे की, कंपनीच्या लेखी संमतीवाचून विमेदाराने कोणतीही कबुली देऊ नये, भरपाईचे आश्वासन देऊ नये. म्हणजे रस्त्यात हात जोडून खरे बोलणारा माणूस त्याच क्षणी आपल्या मालकाच्या पॉलिसीची अट मोडत असतो. चूक कोणाची हे ठरवण्याचा अधिकार चूक करणाऱ्याकडे नाही. कंपनीच्या बाजूने पाहिले तर अट समजण्यासारखी आहे; उदार माणसे दुसऱ्याच्या पैशाने उदार होऊ नयेत, एवढाच तिचा हेतू. तरी ती वाचून मला विचित्र वाटले.

आता कायद्याचे थोडे. रस्त्यावर वाहन आणायचे तर तृतीय पक्षाचा विमा हवाच, ही सक्ती ब्रिटनमध्ये १९३० च्या कायद्याने आली. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ती होती, अंमल १९४६ पासून झाला; आज ती १९८८ च्या कायद्याच्या कलम १४६ मध्ये आहे. पहिला पक्ष विमेदार, दुसरा कंपनी आणि तिसरा म्हणजे ज्याला इजा होईल तो, कोणीही. मराठीत ह्याला सुंदर शब्द आहे, तिऱ्हाईत. आपल्या बोलण्यात तिऱ्हाईत म्हणजे भांडणाशी ज्याचा संबंध नाही असा, आणि म्हणूनच निवाडा करायला योग्य माणूस. विम्यातला तिऱ्हाईत नेमका उलट : ज्याच्या अंगावर सगळे येते तो. ट्रॅक्टरच्या पॉलिसीत त्या संध्याकाळी तिऱ्हाईत मी होतो.

मग तिऱ्हाइताने काय करायचे? रीतसर मार्ग आहे. पोलिसांत तक्रार, पंचनामा, मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज. तेथे चालक, मालक आणि त्यांची विमा कंपनी असे तिघे प्रतिवादी. भाड्याने धान वाहणे शेतीच्या विम्यात बसते का, हा वाद कंपनीने काढला असता, आणि तो काढणे गैर ठरले नसते. जीव गेलेल्या, हातपाय गमावलेल्या माणसांची प्रकरणे जेथे वर्षानुवर्षे पडून राहतात त्या दारात एक बंपर घेऊन जायचे, ह्याची लाज वाटली. सोपा मार्ग असा की स्वतःच्याच कंपनीकडे, स्वतःच्याच पॉलिसीवर दावा लावायचा. बहुतेक लोक हेच करतात. चूक दुसऱ्याची, विमा आपला.

गॅरेजवाल्याने ह्याहून सोपा मार्ग सुचवला. तो म्हणाला, ‘सर, ट्रॅक्टर लिहूच नका. ट्रॅक्टर आला की नंबर मागतात, मग पोलीस कागद मागतात. लिहा, रिव्हर्स घेताना खांबाला लागली. आठ दिवसांत काम.’ म्हणजे ज्याने चूक कबूल केली त्याचे नाव गाळायचे आणि जी चूक मी केली नाही ती सही करून कबूल करायची! माझ्या आयुष्यातल्या खऱ्या चुका मी इतक्या सहज कधी कबूल केलेल्या नाहीत.

तीन दिवस मी मसुदे करत राहिलो. पहिला : ‘मागून येणाऱ्या ट्रॅक्टरने माझ्या थांबलेल्या गाडीला धडक दिली.’ खरा, पुरा आणि त्या माणसाला ठाण्यात नेणारा. दुसरा : ‘गाडीला मागून धडक बसली.’ व्याकरण शिकवणाऱ्याला येथे हसू येते. ‘धडक दिली’ म्हटले की देणारा लागतो. त्याला तृतीयेत बसवून का होईना, पण उभे करावे लागते. ‘धडक बसली’ म्हटले की धडकच कर्ती होऊन बसते. कोणी दिली, कोठून आली, काही नाही. ती आपली आपण येऊन बसते, जशी थंडी बसते, भीती बसते. मराठीने ही सोय कोणासाठी करून ठेवली असेल? ठाण्यातले कारकून, वर्तमानपत्रांचे तालुका प्रतिनिधी आणि माझ्यासारखे सज्जन, असे मला वाटते. तिसरा मसुदा खांबाचा. तो लिहून लगेच फाडला. नीतीपेक्षा अभिमान आड आला, हे सांगून टाकतो. मी गाडी मागे घेताना खांबाला ठोकत नाही.

चौथा मसुदा पत्रकात गेला. ‘मोहाडीजवळ शेळ्यांचा कळप आडवा आल्याने गाडी थांबवली असता मागून अज्ञात वाहनाची धडक बसून नुकसान झाले.’ शेळ्या खऱ्या, मोहाडी खरी, धडक खरी. फक्त ‘अज्ञात’ हा एक शब्द. वहीत ज्याचा क्रमांक होता, ज्याच्या मालकाचे गाव माहीत होते, ज्याने आपण होऊन पाटी वाचून दाखवली होती, त्याला मी अज्ञात केले. आमच्या जिल्ह्यातल्या बातम्यांत हा शब्द रोज भेटतो. अज्ञात वाहनाच्या धडकेत दुचाकीस्वार ठार. अज्ञात वाहनाच्या धडकेत बिबट ठार. आजवर मी समजत होतो की अज्ञात म्हणजे पळून गेलेला. कोणीतरी बसून, विचार करून, चार मसुदे करून एखाद्याला अज्ञात ठरवत असेल, हे मनात आले नव्हते. आणि प्रत्येक वेळी ते दयेपोटीच असेल असेही नाही.

कंपनीचा सर्वेक्षक आला. तरुण, सभ्य, घाईत असलेला. त्याने चारी बाजूंनी फोटो काढले, मग बंपरच्या भेगेपाशी वाकला. तेथे तांबडा रंग लागला होता, आणि भेगेत धानाचे दोन-चार दाणे अडकले होते. गाडी दोनदा पुसूनही ते मला दिसले नव्हते. त्याने नखाने एक दाणा काढला, पाहिला.

‘नंबर नाही घेतला का सर?’

‘अंधार होता,’ मी म्हणालो. अंधार होता हे खरेच होते.

‘अज्ञात वाहन लाल दिसतं,’ तो म्हणाला, आणि दाणा टाकून दिला. अहवालात त्याने काय लिहिले ते मी पाहिले नाही. दावा मंजूर झाला. एवढ्या नुकसानीसाठी पोलिसांचा कागद कोणी मागितला नाही, म्हणजे गॅरेजवाल्याची भीती माझ्यापुरती तरी फोल ठरली. विद्यार्थ्यांना मी सांगत असे की अविश्वासार्ह निवेदक ओळखायचा तो त्याच्या विधानांतल्या विसंगतीवरून. त्या मुलाने मला विधानावरून नव्हे, बंपरवरून ओळखले.

हिशेबही सांगतो, कारण तोही ह्या गोष्टीचा भाग आहे. बिल झाले १४,३०० रुपये. गाडी सात वर्षांची, म्हणून पत्र्याच्या भागावर ४० टक्के घसारा, प्लास्टिकवर ५० टक्के, रंगाच्या सामानातही कपात, आणि वर १,००० रुपये विमेदाराने स्वतः सोसायचे. हाती आले ८,०००. दुसरीकडे, पाच वर्षे दावा न केल्याने हप्त्यात मिळणारी ५० टक्के सूट गेली. ती पुन्हा पायरी पायरीने मिळवायची : २०, २५, ३५, ४५ आणि मग ५०. माझ्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता ६,००० धरून भाच्याने पाच वर्षांचे गणित मांडले. सूट गेल्याचा तोटा ७,५०० रुपये. म्हणजे तीन दिवसांचे चिंतन, एक असत्य शब्द आणि निव्वळ प्राप्ती पाचशे रुपये. ही सूट निर्दोष राहण्याबद्दल नसते, दावा न करण्याबद्दल असते. चूक कोणाची, हा प्रश्न तिला पडतच नाही. आधी गणित मांडले असते तर पत्रक भरलेच नसते, आणि हा लेखही लिहावा लागला नसता.

डिसेंबरात तो माणूस महाविद्यालयात शोधत आला. मी कोठे शिकवतो हे मीच त्याला बोलता बोलता सांगितले होते. पिशवीत पाच किलो चिन्नोर होता, घरचा, वास दूरवर जाणारा. मी नको म्हणालो, तो ऐकेना. ‘नुकसान तर भरता येत नाही जी सर, येवढं तरी घ्या.’ घेतला. ही भरपाई, भेट की मौनाची किंमत, असा प्रश्न मला पडला; पत्नीला पडला नाही. तिने त्याच संध्याकाळी भात लावला. मी त्याला सांगितले की तुमचे नाव कोठेही दिलेले नाही, कागदावर अज्ञात वाहन लिहिले आहे. तो क्षणभर गोंधळला. मग म्हणाला, ‘पन मी तर तुमाले नंबर वाचून देल्लो होतो.’

त्याच्या स्वरात कृतज्ञता होतीच, पण आणखीही काही होते. मी उत्तर दिले नाही. तासाची घंटा झाली होती.

पुढच्या हंगामात त्याच रस्त्यावर एकदा त्याचा ट्रॅक्टर दिसला. त्याने ओळखून हात वर केला, मीही केला. मी त्याला पुढे जाऊ दिले आणि बरेच अंतर ठेवून मागे राहिलो. ट्रॉलीला ह्या वर्षी लाल चमकपट्ट्या लावलेल्या होत्या. क्रमांकाची पाटी चिखलाने भरली होती.