कातिबाची जागा स्टाइलशीटने घेतली

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. उर्दूच्या तासाला संगणकावर विकिपीडिया उघडला की एखादी मुलगी हमखास विचारते, "टीचर, ये तो अरबी है ना?" मजकूर उर्दूच असतो. पण त्या संगणकात नस्तालीक फॉन्ट नसतो आणि अक्षरं नस्ख वळणाची दिसतात. पाठ्यपुस्तकातली ओळखीची उर्दू तिला तिथे सापडत नाही.

पूर्वी उर्दू वर्तमानपत्रांची पानं कातिब हाताने लिहीत. १९८१ मध्ये नूरी नस्तालीक आलं आणि हे वळण यंत्रावर जुळवता येऊ लागलं. विकीवर कातिबाचं काम स्टाइलशीट करते. मजकूर एकीकडे, त्याचं रूप दुसरीकडे. मीडियाविकीत 'कॉमन.सीएसएस' नावाचं एक पान असतं. फॉन्ट कोणता, दोन ओळींत अंतर किती, हे तिथे सगळ्या विकीसाठी ठरवता येतं. नस्तालीकचे शब्द तिरके खाली उतरतात. अंतर कमी पडलं की एका ओळीचे नुक्ते दुसरीत घुसतात. एक चुकीची ओळ सगळ्यांचं पान विस्कटू शकते, म्हणून २०१८ पासून विकिपीडियावर हे पान मोजक्या इंटरफेस प्रचालकांनाच बदलता येतं.

त्यांनी बदल केला तरी तो त्या क्षणी सगळीकडे दिसत नाही. मीडियाविकीचा रिसोर्सलोडर स्टाइलशीट एकत्र करतो आणि आटोपशीर करतो. ब्राउझर ती प्रत जपून ठेवतो. ती साधारण पाच मिनिटं जपलेली असते, म्हणून थोडं थांबावं लागतं. साच्यांच्या स्टाइलशीटचं वेगळं आहे. त्या पानाच्या तयार प्रतीतच बसतात, त्यामुळे साचा वापरणारं प्रत्येक पान नव्याने तयार व्हावं लागतं.

हे थांबणं मला खटकत नाही. या साठवणीमुळेच कमी डेटावर लेख पटकन उघडतो. नस्तालीक फॉन्टमध्ये अक्षरजोडांचे असंख्य आकार असतात, त्यामुळे तो जड असतो. तो दर पानाला नव्याने उतरवावा लागला, तर स्वस्त मोबाइलवर वाचणारी मुलगी कंटाळून निघून जाईल.

खातं असलेल्या सदस्याला स्वतःपुरती वेगळी स्टाइलशीट लिहिता येते. पण माझ्या विद्यार्थिनींकडे खातं नसतं. सगळ्यांसाठी जे ठरलं, तेच त्यांना दिसतं. म्हणून फॉन्ट आणि ओळींचं अंतर हा केवळ तांत्रिक मंडळींचा विषय नाही. चर्चापानावर शिक्षकांनीही बोललं पाहिजे. विकीवर उर्दूचे लेख किती, हे मोजलं जातं. ती उर्दू आपलीच आहे हे मुलीला पाहताक्षणी कळतं का, हेही विचारायला हवं.