डब्यातली हवा

तुम्हाला म्हणून सांगतो, कुठे बोलू नका. गेल्या मे महिन्यात मी अठरा हजार रुपये खर्चून माझी गाडी स्लो केली!

बरोबर वाचलंत, स्लो. तीही स्वतःच्या हातानं, रविवारची झोप मोडून, सिडकोतल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये.

त्याचं काय आहे, गाड्यांचं वेड आमच्या गावच्या हवेतच आहे. 1985 साली वाळूजला बजाजचा कारखाना आला, 2001 साली शेंद्र्याला स्कोडाचा. 2010 च्या ऑक्टोबरात तर इथल्या मंडळींनी एका दमात दीडशे मर्सिडीज घरी आणल्या. 2023 साली औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, पण हे वेड काही उतरलं नाही. 2004 मध्ये टर्बोवाली ऑक्टाव्हिया आरएस आली तेव्हा मी सातवीत होतो. तेव्हाच ठरवलं होतं, घेईन तर टर्बोच!

घेतली. सेकंडहँड, अठराशे सीसीची, दोन ईएमआय अजून बाकी. पण टर्बो पेट्रोल.

टर्बोचा फंडा सोपा आहे. सायलेन्सरकडे निघालेल्या धुराच्या जोरावर एक छोटा पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि इंजिनात हवा कोंबतो. हवा जास्त, पेट्रोल जास्त, ताकद जास्त. हवा गार असेल तर ती दाट असते, म्हणून आणखी मजा. साधारण तीन अंश तापमान उतरलं की त्याच जागेत एक टक्का जास्त हवा मावते. यासाठीच बाजारात ‘कोल्ड एअर इनटेक’ मिळतो. कंपनीचा बंद डबा काढायचा, चकाचक अॅल्युमिनियमचा पाइप आणि कोनासारखा लाल फिल्टर बसवायचा. शिवाय अॅक्सिलरेटर दाबला की विमानासारखा ‘श्शूऽऽ’ आणि सोडला की ‘फुस्स’. खरं सांगू? निम्मे पैसे मी त्या फुस्ससाठीच मोजले होते.

काम दोन तासांचं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. हवा मोजणारा सेन्सर जुन्या पाइपमधून अलगद सोडवून नव्यात बसवला. त्याच्या आत केसासारखी तार असते, तिला बोट लावायचं नाही. क्लॅम्प आवळले. किटमध्ये एक वाकवलेला पत्राही होता, हीट शील्ड. तो काही केल्या बसेना. म्हटलं, जाऊ दे, असाही दिसायला भंगार आहे.

तेवढ्यात बाबा चहा घेऊन खाली आले.

‘‘हे काय?’’

‘‘काही नाही हो, प्लॅस्टिकचा डबा. भंगारात द्यायचाय.’’

बाबांनी तो उचलला. लुंगीच्या टोकानं धूळ पुसली. उलटा करून तळाशी असलेला घड्याळासारखा गोल शिक्का पाहिला. बाण कोणत्या महिन्यावर आहे ते वाचलं, कडेच्या रबरावरून अंगठा फिरवला. काही न बोलता वर घेऊन गेले.

आणि माझी ट्यूब पेटली. बाबांनी अठ्ठावीस वर्षं वाळूजला एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीमध्ये काढली. काय तपासायचे? असलेच प्लॅस्टिकचे पार्ट. हजारो. शिक्का, कड, रबर. स्वतःच्या नावावर कधी स्कूटरच्या वर गाडी नव्हती. आणि मी त्यांच्यासमोर ‘भंगार’ म्हणून मोकळा झालो होतो.

संध्याकाळी मुद्दाम त्यांनाच पहिल्या राइडला घेतलं. फोनवर गाडीचे आकडे दाखवणारा माझा स्कॅनर चालू होता. क्रांती चौकाच्या सिग्नलला बाबांनी चष्मा वर केला. ‘‘बाहेर किती?’’

‘‘एक्केचाळीस.’’

‘‘मग ही आत चौसष्ट डिग्रीची हवा कुठली?’’

मी गप्प. त्यांनी खिशातून जुनं वीजबिल काढलं, पेन काढलं. दोन्ही आकड्यांत 273 मिळवले, भागाकार केला. ‘‘जवळपास सात टक्के हवा कमी जातेय. टर्बो भरून काढेल, पण दमेल. अरे, तो डबा ग्रिलमागून, बाहेरची हवा घेतो. तुझा फिल्टर इंजिनाशेजारी उघडा बसून गरम वाफा पितोय. ज्यानं डबा काढला त्याला काय अक्कल नव्हती?’’

ज्या पत्र्याला मी भंगार म्हटलं, तोच गरम इंजिन आणि फिल्टर यांच्यामधली भिंत होता. गार हवेच्या किटमधून गार हवेचाच भाग मी वगळला होता!

पुढच्या रविवारी बाबांनी तो पत्रा कानशीनं घासून, एक भोक जरा मोठं करून दहा मिनिटांत बसवला. मग आम्ही दौलताबादच्या घाटाकडे निघालो. गाडी धावती झाली तसा आकडा उतरत छेचाळीसवर आला. गाडी फास्ट झाली का? खरं सांगायचं तर मला फरक कळला नाही. घाट चढताना मी अॅक्सिलरेटर दाबून सोडला. फुस्स!

बाबा दचकले. मग हसायलाच लागले. ‘‘पुन्हा कर.’’

चार वेळा केलं. बाबांना असं हसताना मी शेवटचं कधी पाहिलं होतं, आठवेना.

पावसाळ्याआधी जुना डबाच परत बसवला. बंद डबा धूळ आणि पाणी, दोन्ही बाहेर ठेवतो, हे बाबांचं म्हणणं पटलं होतं. बाबांनी तो कपाटावर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवला होता. स्क्रू वेगळ्या पुडीत, वर बॉलपेननं लिहिलेला नग: चार. बसवताना स्क्रू मी आवळले आणि ते मागे उभे राहून बघत होते. शेवटचा झाल्यावर त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘‘ओके.’’

किट आता त्याच चादरीत आहे. दिवाळीनंतर, थंडी पडली की एकदा बसवायचं ठरलंय. माझं नाही, बाबांचं.