फियाट आणायला मुंबईला

नळदुर्ग, जि. धाराशिव

चि. मनूस,


तुझा निरोप परवा आला आणि तेव्हापासून दुसरं काही सुचेना. म्युनिकहून पार हॅम्बुर्गला जाऊन गाडी आणणार म्हणतेस, सातशे-आठशे किलोमीटर. सोबत आपल्या फियाटचा जुना फोटो पाठवून विचारतेस, की सोलापूर तासाभरावर असताना आजोबांनी गाडी मुंबईहून का आणली, आणि गाडीला टेकून गळ्यात हार घालून उभा आहे तो माणूस कोण. पहिल्याचं उत्तर फोनवरही देता आलं असतं. दुसरा प्रश्न वाचून मात्र माझा घास हातातच राहिला. मने, ते चाचा. आपल्या गल्लीतले एस.टी.चे ड्रायव्हर. तू पहिल्यांदा किल्ल्यातला पाणीमहाल बघितलास तो त्यांच्या खांद्यावर बसून. गेल्या पावसाळ्यात ते गेले, तेव्हा तुझ्या बाबांनी तुला कळवलं होतं.

तर आधी गाडीचं सांगते.

तेव्हा पैसे घेऊन गेलं आणि गाडी घेऊन आलं, असं नव्हतं. नंबर लावायचा, अनामत भरायची आणि वाट बघायची. स्कूटरसाठीसुद्धा लोक वर्षानुवर्षं थांबायचे. अण्णांचे, म्हणजे तुझ्या आजोबांचे, चुलतभाऊ कुर्ल्याला राहायचे, त्यांनी तिथल्याच एका विक्रेत्याकडे अण्णांच्या नावानं नंबर लावून ठेवला होता. मग 1983 च्या डिसेंबरात मारुती आली, जो तो तिच्या मागे लागला. अण्णांना सगळ्यांनी सांगून पाहिलं. ते म्हणाले, लावलेला नंबर सोडायचा नाही, आणि गाडी घ्यायची तर वालचंदांचीच.

हे वालचंद कोण, ते तिथं तुला कुणी सांगणार नाही, म्हणून लिहिते. वालचंद हिराचंद, सोलापूरचे, 1882 चा जन्म. मोटारी बनवणारी प्रीमियर कंपनी त्यांनी 1944 साली काढली, कारखाना कुर्ल्याला. आपण जिला फियाट म्हणतो ती प्रीमियर पद्मिनी त्याच कारखान्यातली. बोरघाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांचं काम त्यांच्याच कंपनीनं केलं, इंदापूरजवळचं वालचंदनगर त्यांनीच वसवलं. गाडी घेऊन येताना अण्णा वाटभर हेच सांगत होते. घाट आला, वालचंद. इंदापूर आलं, पुन्हा वालचंद. सोलापूरच्या माणसानं केलेली गाडी आणायला आपण मुंबईला आलो, याचा त्यांना केवढा अभिमान होता! मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं, की हा कारखाना आपल्या भागात निघाला असता तर आपली निम्मी पोरं गाव सोडून गेली नसती.

साल 1985 असावं. तुझे बाबा म्हणतात 86, आणि आर.सी. बुक त्यांच्याकडे असल्यामुळे त्यांचंच खरं. थंडी होती एवढं मला नक्की आठवतं. अण्णांना चारचाकी चालवता येत नव्हती. चाचांनी रजा टाकली आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही. मला नेलं ते कागद इंग्रजीत असणार म्हणून, आणि तुझे बाबा रडून रडून आले. सोलापूरच्या बँकेतून काढलेला ड्राफ्ट अण्णांनी बंडीच्या आतल्या खिशात घालून वर सेफ्टी पिन लावली होती. रात्रभर रेल्वेत त्यांचा हात तिथून हलला नाही.

शोरूममधल्या माणसाला घाई होती. चाचांना नव्हती. ते अंगातला कोट काढून गाडीखाली शिरले, मग बॉनेट उघडून चेसिसचा आणि इंजिनचा नंबर एकेक आकडा करून वाचू लागले आणि मी तो कागदावर ताडून पाहू लागले. एक आकडा पुसट होता, तो त्यांनी रुमालानं घासून पुन्हा वाचला. स्टेपनी, जॅक, पाना, सगळं मोजून घेतलं. तात्पुरत्या नोंदणीचा कागद काचेवर चिकटवून घेतला, कारण पक्की नोंदणी आपल्या जिल्ह्यात येऊन करायची होती. तू लिहिलंस की तिथंही गाडी घरी न्यायला 5 दिवसांचा तात्पुरता नंबर देतात. म्हणजे पद्धत तीच. मग तूही चाचांसारखंच कर. विकणारा कितीही गोड बोलला तरी कागदावरचा नंबर आणि गाडीवरचा नंबर स्वतः जुळवल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

निघताना मेकॅनिकनं बजावलं होतं, पहिले हजार किलोमीटर 40 च्या वर न्यायची नाही, इंजिन नवं आहे. मने, मुंबई ते नळदुर्ग साडेचारशे किलोमीटर, आणि चाचांनी काटा 40 च्या पुढं एकदाही जाऊ दिला नाही. हैदराबादच्या रस्त्यावर एस.टी. पळवणारा माणूस तो! ट्रक हॉर्न देत पुढं जात, एका बैलगाडीमागं तर आम्ही कितीतरी वेळ चाललो. अण्णा म्हणाले, जरा दाबा की. चाचा म्हणाले, "अण्णा, घोडी नवी हाय. दमानं." तुझे बाबा मागच्या सीटवर गुडघ्यावर बसून काट्यावर लक्ष ठेवायचे आणि 40 झाले की ओरडायचे. बोरघाटात पाणी तापलं, तेव्हा शिंग्रोबाच्या देवळाशी थांबलो. ह्या शिंग्रोबा धनगरानं इंग्रजांना घाटातली वाट दाखवली आणि त्यांनी त्याचाच जीव घेतला, असं सांगतात. येणारा-जाणारा ड्रायव्हर तिथं नाणं टाकतो. चाचांनी टाकलं, मग माझ्याही हातात एक दिलं. भिगवणच्या पुढं एका ढाब्यावर ते बाजेवर थोडे आडवे झाले, तेवढीच त्यांची झोप.

सोलापूरहून सरळ नळदुर्गला यायचं सोडून आधी तुळजापूरला गेलो, कारण देवीला दाखवल्याशिवाय गाडी दारात आणायची नाही, असं आईनं निघतानाच सांगितलं होतं. पुजाऱ्यांनी गाडीला हळद-कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला आणि अण्णांच्या गळ्यात हार घातला. अण्णांनी तो तिथल्या तिथं काढून चाचांच्या गळ्यात घातला. चाचा मागं सरत होते, अण्णांनी हात धरून त्यांना गाडीला टेकवलं आणि फोटोवाल्याला म्हणाले, आता काढ. तोच हा फोटो. अण्णा त्यात नाहीत, कारण ते फोटोवाल्याशेजारी उभे होते.

पुढं ती गाडी आमची एकट्यांची कधी राहिलीच नाही. गल्लीतली बाळंतीण अडली की चाचांना उठवायचं, मग सोलापूरचं सिव्हिल. 1993 च्या सप्टेंबरात, गणपती बुडवल्याच्या दुसऱ्या पहाटे किल्लारी-सास्तूरला भूकंप झाला, तेव्हा चाचांनी मागची सीट काढून टाकली. सास्तूरला जाताना भाकरी आणि पाणी न्यायचं, येताना जखमी माणसं आणायची. किती फेऱ्या झाल्या कुणी मोजल्या नाहीत. 

आपला जिल्हा असाच राहिला गं. 1982 मध्ये लातूर वेगळं झालं आणि पुढं भरभराटीला आलं. धाराशिव शहरात रेल्वे यायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. मोठं दुखणं, मोठी खरेदी, मोठं शिक्षण, सगळ्याला बाहेर जायचं. तू म्युनिकला गेलीस त्याचं मला वाईट वाटत नाही, आपल्याकडे बाहेर गेल्याशिवाय काही मिळतच नाही. वाईट याचं वाटलं, की चाचांचा चेहरा तुला ओळखू आला नाही. फोन केलास की दहा मिनिटं बोलतेस, त्यातली आठ तिथल्या हवेवर. चाचीला एकदा फोन कर. तिला कमी ऐकू येतं, मोठ्यानं बोल.

हॅम्बुर्गला एकटी जाऊ नकोस. सोबत कुणीतरी गाडीतलं कळणारं असू दे. रात्रीची चालवू नकोस, झोप आली की थांब.

आणि आता तुझ्याकडे एक काम आहे. फियाटच्या नोंदणीची मुदत यंदा संपते. तुझे बाबा म्हणतात पुन्हा 5 वर्षांसाठी पैसे आणि पर्यावरण कर कशाला भरायचा, भंगारात देऊन टाकू. चाचांचा नातू सोलापुरात गॅरेज चालवतो. तो गाडी सांभाळायला तयार आहे, नोंदणीचा खर्चही करतो म्हणतो. मला विचारशील तर ती गाडी त्याचीच आहे. माझं तुझे बाबा ऐकत नाहीत, तुझं ऐकतात. येत्या रविवारी त्यांना फोन कर आणि गाडी त्याच्या नावावर करून द्यायला सांग.

तुझी,
आत्या